२४ व्होल्टच्या ट्रकला दोन्ही बॅटऱ्या आणि अर्थ केबल बदलायच्यात. केबल किती जाडीची, क्रम काय?

ऊसवाला_वाळवा

नमस्कार मंडळी. गाडी दहा चाकी, २४ व्होल्ट, बीएस-३, पंप मेकॅनिकल. बॅटऱ्या दोन, १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे किती चार्ज साठतो ते), सिरीजमध्ये. गळीत हंगाम तोंडावर आलाय. सकाळी सेल्फ जड फिरतो, इंजिन तापल्यावर बरा फिरतो. रात्रभर गाडी उभी ठेवून मीटर लावला तर एक बॅटरी १२.५५ दाखवते, दुसरी १२.२५. अर्थची केबल चासीला आवळलीय तिथं हिरवी पूड धरलीय. इंजिनवरून चासीला येणारी विणलेली पट्टी अर्धी तुटलीय.

दुकानात सांगतात की केबल आहे ती राहू द्या, फक्त बॅटऱ्या बदला. मला ते पटत नाही. केबल कुठल्या जाडीची घ्यावी, जुन्या केबलला नवी थिंबल (टोकाची भोकवाली धातूची टोपी) मारून चालेल का, आणि काढण्या-बसवण्याचा क्रम काय, एवढं सांगा.

मिरजेचा_वायरमन

दादा, बॅटरीचे पैसे मोजायच्या आधी दहा मिनिटं मीटर धरा. सेल्फला जेवढा करंट लाल केबलने जातो, तेवढाच्या तेवढा अर्थने परत यावा लागतो. थंड इंजिन फिरवताना तुमच्या गाडीचा सेल्फ ४०० अँपिअरच्या घरात ओढतो असं धरा. एवढ्या करंटला वाटेत नुसता ०.००३ ओहमचा अडथळा असला तरी १.२ व्होल्ट तिथंच गळतात. मीटर ओहमवर ठेवून हा अडथळा कधीच दिसणार नाही. बीप वाजते आणि आपण केबल चांगली म्हणून मोकळे होतो. चार तारा शिल्लक असलेल्या केबललासुद्धा बीप वाजते. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे.

कसं मोजायचं ते सांगतो. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल वायर व्होल्टच्या खाचेतच आहे ना, ती बघा. १० अँपिअरच्या खाचेत राहिली तर मीटर जाईल. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपर ओढून ठेवा. काळा प्रोब अर्थच्या बॅटरीच्या मायनस पोलवर, म्हणजे शिशाच्या खुंटावरच टेकवायचा, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या एखाद्या स्वच्छ बोल्टवर. मग केबिनमधल्या माणसाला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष आहेच. दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट सेल्फला विसावा द्या, नाहीतर त्याचंच वाइंडिंग तापेल.

दोष असल्याचं कळलं की तुकड्या-तुकड्याने जा. पोल ते क्लॅम्प, क्लॅम्प ते दुसऱ्या टोकाची थिंबल, थिंबल ते चासीचा उघडा पत्रा, चासी ते इंजिन ब्लॉक. जिथं आकडा मोठा, तिथं काम. त्याच वेळी दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून किती व्होल्ट राहतात तेही बघा. सेल्फ फिरताना १९ च्या खाली घसरले तर बॅटऱ्याही दमल्यात.

आकडे टाका, पुढचं सांगतो.

तासगावकर

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. दोन बॅटऱ्यांत ०.३० चा फरक आपोआप पडत नाही. टेप, पंखा किंवा मोबाईल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेत का? मधल्या जोडकेबलवर एखादी बारीक वायर चिकटवलेली असेल तर बघा.

तसं असलं की ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्टच देतो, कोण किती भुकेली आहे ते त्याला दिसत नाही. उतरलेली १३ वर बसते आणि भरलेलीच्या वाट्याला १५ येतात. एकीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, दुसरीचं पाणी उकळून उडतं. वर्षाच्या आत जोडी बिघडते आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो. नवी जोडी घातल्यावर ती वायर तोडा आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा. १० अँपिअरचा टेप-पंख्याला पुरतो. त्याची वायर फ्यूजमधून घ्या.

ऊसवाला_वाळवा

@तासगावकर, बरोबर ओळखलंत. टेपची वायर मधूनच काढलीय, आणि अर्थकडच्या बॅटरीवरच तिचा भार आहे. १२.२५ वाली तीच.

@मिरजेचा_वायरमन, आकडे असे. मायनस पोल ते इंजिन ब्लॉक एकूण १.३५. पोल ते क्लॅम्प ०.०५. क्लॅम्प ते थिंबल ०.१२. थिंबल ते चासी ०.६२. चासी ते इंजिन ०.५६. सेल्फ मारताना दोन्ही मिळून २०.९.

मिरजेचा_वायरमन

छान मोजलंत, बेरीज जुळते. आता हे आकडे वाचा. केबलमध्ये ०.१२ च जातात, म्हणजे तांबं अजून ठीक आहे. जवळजवळ सगळी गळती दोन ठिकाणी: हिरवी पूड धरलेला तो चासीचा बोल्ट आणि अर्धी तुटलेली पट्टी. दोन्हीचे मिळून १.१८ व्होल्ट गुणिले ४०० अँपिअर, म्हणजे ४७२ वॅट त्या दोन जागा तापवण्यात जातात. खात्री करायची असेल तर सेल्फ मारल्या मारल्या बोल्टजवळ हात न्या, ऊब लागेल. नुसत्या बॅटऱ्या बदलून पहिले काही दिवस सेल्फ जोरात फिरला असता आणि थंडी पडली की तक्रार परत आली असती.

त्या पट्टीचं महत्त्व पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. पट्टी गेली की करंट दुसऱ्या वाटा शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, गिअरचं लिंकेज, प्रोपेलर शाफ्ट. अॅक्सिलरेटर केबलचं आवरण वितळलेलं दिसलं की लोक नवी केबल घालतात. खरं कारण दोन फुटांवर लोंबत असतं. करंट बेअरिंगमधून गेला तर त्याच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, तो खर्च वेगळाच.

बॅटऱ्यांचं म्हणाल तर दोन्ही पूर्ण चार्ज करून चार तास तशाच ठेवा आणि हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल बघा. एकाच बॅटरीतल्या सेलमध्ये ५० पॉइंटपेक्षा जास्त फरक असला, उदाहरणार्थ पाच सेल १२३० आणि एक ११५०, तर ती बॅटरी गेली. मग दोन्हीच बदला. जुनीसोबत नवी लावली की नवीचं आयुष्य जुनीएवढंच उरतं. कंपनी एक, एएच एक, उत्पादनाचा महिनाही शक्यतो एकच घ्या. विकत घेताना पोल कुठल्या बाजूला आहेत तेही बघा. उलट बाजूचे पोल आले की केबल पुरत नाही, मग ओढून-ताणून लावली जाते आणि तीच पुढं सैल होते.

वारणाकाठ

जाडीचा हिशोब मी देतो. शुद्ध तांब्याची लवचिक केबल, एक मीटरचा अडथळा साधारण असा: ३५ चौरस मिमी ०.५५ मिलीओहम, ५० ला ०.३९, ७० ला ०.२७. अडीच मीटर केबल आणि ४०० अँपिअर धरले तर ३५ मध्ये ०.५५ व्होल्ट जातात, ५० मध्ये ०.३९, ७० मध्ये ०.२७. म्हणजे अर्थला ७० च घ्या. बॅटरीपासून चासीपर्यंत फूट-दीड फुटाचंच अंतर असेल तर ५० ही चालते. पण चासी-इंजिन पट्टी आणि दोन बॅटऱ्यांमधली जोडकेबल यांत काटकसर करू नका, कारण तोच करंट तिथूनही जातो. साखळीची ताकद सगळ्यात बारीक कडीएवढी.

आणि घेताना एक टोक सोलून चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी तार निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. अॅल्युमिनियममधून तांब्याच्या जेमतेम ६० टक्के करंट जातो, थिंबलमध्ये ते हळूहळू दबत जातं आणि जोड सैल पडतो. बाहेरून जाड दिसते, वजनाला हलकी लागते, त्यावरूनही कळतं. वेल्डिंगची तांब्याची केबल उत्तम चालते, फक्त तिच्यावर कोरुगेटेड पाइप चढवा. डिझेल आणि ऑइल लागून तिचं रबर फुगतं.

सांगली_लेथ

थिंबल डागून घ्यावी का दाबून? आमच्याकडं सगळे डागतात. शिसं आत गेलं की पाणी शिरत नाही.

मिरजेचा_वायरमन

दाबूनच. सोल्डर केबलच्या तारांमधून वर चढतं, इंचभर भाग सळईसारखा ताठ होतो आणि ताठ भाग जिथं संपतो तिथंच गाडीच्या हादऱ्याने तारा तुटायला लागतात. वरून सगळं धडधाकट दिसतं. दुसरं असं की जोड खराब होऊन तापला तर सोल्डर मऊ पडतं आणि केबल निसटते. हातोडी आणि छिन्नीने ठोकलेली थिंबल त्याहून वाईट, एका बाजूच्या तारा चेंगरतात आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते.

हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलला षटकोनी डाय असते. ७० ची केबल, ७० ची थिंबल, ७० ची डाय. थिंबल कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, भोक बोल्टच्या मापाचं. १० च्या बोल्टला १२ चं भोक घेतलं की टेकायची जागा कमी होते. केबल थिंबलच्या नळीच्या खोलीपेक्षा २ मिमी जास्त सोला. सगळ्या तारा आत गेल्याच पाहिजेत. शिरत नाहीत म्हणून दहा-पंधरा तारा छाटून टाकणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली जाडी फेकून देणं. मोठ्या थिंबलला दोन ठिकाणी दाबा, मग ओढून बघा. वरून आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, थिंबलच्या मानेपासून केबलवर दोन इंच. पाणी अडवायला सोल्डर लागत नाही, ही स्लीव्ह लागते.

जुन्या केबलबद्दल विचारलं होतं. टोकाकडून दोन इंच सोलून बघा. तांबं काळं असेल तर लालसर चकाकी येईपर्यंत कापत जा. कापून लांबी पुरत असेल तर ठेवा. काळ्या तांब्यावर नवी थिंबल मारू नका.

कृष्णाकाठ

मी त्या हिरव्या पुडीवर बोलतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली भागात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यातली एखादी घेतली असंल तर केबलच्या टोकावर विश्वास ठेवू नका. पाणी थिंबलमधून शिरून तारांच्या फटींतून हातभर वर चढतंय. वरचं रबर नव्यासारखं दिसतंय, आत तांबं काळं पडून भुगा झालेला असतोय. रबर दोन बोटांत धरून वाकवा. कुरकुर जाणवली की ती केबल गेली.

दुसरं, उसाच्या गाडीला फार महत्त्वाचं. बॅटरीच्या पेटीवर आणि टाकीच्या मागं वाळकं पाचट साचतंय. लाल केबलला फ्यूज नसतोय. क्लॅम्प सैल असला की सेल्फ मारताना ठिणगी पडती आणि खाली काडी पेटायला तयारच असती. प्लसच्या पोलवर रबरी टोपी पाहिजेच. लाल केबल चासीच्या भोकातून जाती तिथं रबरी ग्रोमेट बघा. पेटीला झाकण नसंल तर करून घ्या. रोज खेप उतरली की हातानं पाचट ओढून काढा.

मिरजेचा_वायरमन

आता क्रम. हातातली अंगठी, कडं, साखळी काढा, डोळ्याला चष्मा घाला. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो, म्हणून पेटीजवळ बिडी-सिगारेट नको. गाडी नुकतीच बंद केली असेल तर झाकण उघडून दहा मिनिटं वारा लागू द्या.

काढताना आधी चासीकडे जाणारा मायनस, मग दोन बॅटऱ्यांमधली जोडकेबल, शेवटी सेल्फकडे जाणारा प्लस. मायनस आधी का, तर तो सुटला की पाना चासीला टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना पेटीच्या कडेला लागला तर पानाच वेल्डिंग रॉड होतो. अडकलेला क्लॅम्प स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पोल आतून हलतो. क्लॅम्पचा जबडा फाकवून फिरवत वर घ्या, नाहीतर पुलर लावा. १५० एएचची बॅटरी ४० किलोच्या आसपास असते, दोघांनी दोरीच्या कडीनेच उचला.

पेटी रिकामी झाली की हाच खरा कामाचा वेळ. एक लिटर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घालून पेटी आणि पत्रे धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत. मग साधं पाणी, सुकवणं, वायर ब्रश, रंग. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत एक थेंबही जाऊ देऊ नका, सेल मरतो. तळाला रबरी मॅट टाका.

चासीचा अर्थ पॉइंट: बोल्ट काढून दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरने थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल होईल एवढा काढा, पत्रा पांढरा दिसला पाहिजे. थिंबल सरळ पत्र्यावर, मध्ये वॉशर नाही. वॉशर थिंबलच्या वर, मग स्प्रिंग वॉशर, नट. गंजका जुना बोल्ट परत वापरू नका. १० मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट, साधारण ४५ न्यूटन-मीटर. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. उघड्या पत्र्यावर रंगाचा एक हात फिरवा, पण आवळल्यानंतरच. रंगावर थिंबल आवळलेल्या गाड्या बघितल्या की वाईट वाटतं, दोन मिनिटांचं काम असतं.

इंजिनची पट्टी सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर किंवा जवळच्या ब्लॉकवर घ्या आणि तिला ढील ठेवा. इंजिन आडवं हलतं. ताणून लावलेली पट्टी लवकरच मुळाशी तुटते. सायलेन्सरपासून वीतभर लांब.

बॅटऱ्या ठेवून आधी होल्ड-डाऊन पट्टी आवळा, हलता कामा नये. हादऱ्यानेच प्लेटांचा भुसा खाली झडतो. आता जोडणी उलट क्रमाने: प्लस, जोडकेबल, शेवटी मायनस. प्लसचा पोल मायनसपेक्षा दीडेक मिलिमीटर जाड असतो. क्लॅम्प वरून ठोकून बसवायची वेळ आली तर बहुधा तो मायनसचा आहे. सैल बसतो म्हणून पत्र्याची पट्टी किंवा खिळा घालू नका. शेवटचा मायनस टेकवताना बारीक ठिणगी दिसली तर ठीक. मोठी फाडकन आली तर थांबा, कुठंतरी काहीतरी चालू आहे किंवा जोडणी उलटी झालीय.

घाटमाथा_सातारा

वाचणाऱ्यांत बीएस-६ वाले असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. चावी बंद केल्याबरोबर कट-ऑफ स्विच किंवा मायनस काढू नका. डीईएफचा (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रव) पंप लाइनमधलं द्रव मागं टाकीत ओढत असतो. दोन-तीन मिनिटं, किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ, थांबा. लगेच तोडलं तर द्रव लाइनमध्ये सुकून खडे धरतात. इंजिन चालू असताना बॅटरी तर कुठल्याच गाडीची काढू नका. अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) यांपैकी काहीतरी उडतं.

ईसीएमच्या बारीक अर्थ वायरी कंपनीने जिथं दिल्यात तिथंच ठेवा. सोय म्हणून सेल्फच्या अर्थ बोल्टवर एकत्र आवळू नका. आणि हुक, फाळके, बॉडीचं वेल्डिंग करायचं असेल तर मायनस आणि प्लस दोन्ही काढा, ईसीएमचे कनेक्टर सोडा, वेल्डिंगची अर्थ पकड कामाच्या जागेजवळ लावा. पकड पुढच्या बंपरला आणि वेल्डिंग मागच्या क्रॉस मेंबरला, असं केलं तर करंट मधल्या सगळ्या बेअरिंग आणि वायरींतून फिरतो.

सांगली_लेथ

कारखान्याच्या रांगेत गाडी दिवसात तीस वेळा सुरू-बंद होते. त्यानेच बॅटऱ्या उतरतात ना?

वारणाकाठ

हिशोब करून बघा. ४०० अँपिअर, तीन सेकंद, म्हणजे १२०० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.३३ एएच. तीस वेळा धरलं तरी १० एएच, आणि मधूनमधून इंजिन चालतं तेव्हा त्यातलं बरंच भरून येतं. उलट रात्री रांगेत इंजिन बंद ठेवून पंखा, टेप आणि पार्किंग लाइट मिळून ५ अँपिअर आठ तास चालले की ४० एएच गेले. बॅटरी त्याने उतरते. जीपीएसचा डबा ५० मिलीअँपिअर घेत असेल तर हंगाम संपून महिनाभर उभ्या गाडीतून ३६ एएच जातात. उभी ठेवताना कट-ऑफ स्विच बंद करा.

ऊसवाला_वाळवा

झालं. चार्ज करून हायड्रोमीटर लावला, १२.२५ वालीत एक सेल ११४०, बाकीचे १२३०. दोन्ही बदलल्या. अर्थ ७० ची, पट्टी नवी, जोडकेबल ७० ची. बोल्टाखालचा रंग काढला तर खाली दोन थर निघाले. आता पोल ते इंजिन ब्लॉक ०.२४. सेल्फ फिरताना २२.३. इंजिन चालू असताना २८.१. टेप कन्व्हर्टरवर घेतला. जुन्या बॅटऱ्या दुकानात देऊन बदल्यात रक्कम वळती झाली.

हेडलाइट मात्र सेल्फचं काम करूनही डावीकडचा मंदच आहे.

मिरजेचा_वायरमन

०.२४ उत्तम. जुन्या बॅटऱ्या दुकानात दिल्यात तेही बरं केलंत. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार त्या अधिकृत वाटेनेच जायला हव्यात, भंगारवाला अॅसिड गटारात ओततो.

हेडलाइटसाठी केबिनचा अर्थ बघा. केबिनही रबरावरच असते, तिची वेगळी पट्टी चासीला येते, बहुधा डाव्या पुढच्या माउंटिंगजवळ. हेडलाइट लावून बल्बच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या मायनस पोलपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर असतील तर तीच पट्टी, तशीच घासून, २५ चौरस मिमीची लावा. आणि आठवड्याने एकदा सगळे क्लॅम्प हाताने हलवून बघा. शिसं मऊ असतं, नवा क्लॅम्प पहिल्या काही खेपांत थोडा बसतो, पाव फेरा आवळावा लागतो.